एका ठोक्याचा नकाशा

हृदयविकाराचा मोठा झटका येऊन माणूस त्यातून वाचला, तरी हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो. व्रणाचा बराचसा भाग मेलेला असतो, पण त्याच्या आत जिवंत तंतूंचे काही धागे टिकून राहिलेले असतात. काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी हेच धागे घात करतात. ठोक्याचा विद्युतसंदेश त्या चिंचोळ्या वाटेत शिरतो आणि रेंगाळत पलीकडे निघतो. तोवर भोवतालचा स्नायू पुन्हा सज्ज झालेला असतो, त्यामुळे संदेश वळसा घालून परत त्याच वाटेत येतो. हे चक्र एकदा सुरू झालं की हृदयाचा खालचा कप्पा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा आकुंचन पावू लागतो. वैद्यकात याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. कप्प्यात रक्त भरायला वेळ उरत नाही, रक्तदाब कोसळतो आणि वेळीच उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो.

ती वाट नेमकी कुठे आहे हे कळलं, तर तेवढा भाग कापून किंवा जाळून टाकता येतो. १९७८च्या सुमारास फिलाडेल्फियात मार्क जोसेफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, हृदयात नेऊन असा शोध घ्यायला सुरुवात केली. कॅथेटरचं टोक भिंतीला टेकवायचं, तिथे संदेश कधी पोहोचतो ते नोंदवायचं, मग शेजारच्या बिंदूवर सरकायचं. असे अनेक बिंदू जोडले की नकाशा तयार होई. त्यासाठी अट एकच होती, आणि ती जीवघेणी होती: नकाशा पुरा होईपर्यंत चक्र चालू राहिलं पाहिजे आणि रुग्णानेही ते सोसलं पाहिजे. ज्यांचा रक्तदाब काही सेकंदांतच कोसळतो, त्यांच्यासाठी ही पद्धत निरुपयोगी होती. म्हणजे धोका ज्यांना सर्वाधिक, त्यांच्याच हृदयाचा नकाशा काढता येत नव्हता.

या पेचातून निघालेली कल्पना धाडसी होती. भिंतीला स्पर्शच करायचा नाही. कप्प्याच्या मधोमध, वाहत्या रक्तात थांबायचं आणि तिथून सगळ्या भिंतीचा नकाशा एकाच ठोक्यात काढायचा. ही कल्पना प्रत्यक्षात यायला कुत्र्यांवरचे प्रयोग, एकोणिसाव्या शतकातलं गणित, एक फुगा आणि चौसष्ट तारा लागल्या.

पाऱ्याची नळी

हृदयाच्या ठोक्याबरोबर वीज निर्माण होते हे १८५६मध्येच दिसलं होतं. जर्मनीत कोलिकर आणि म्युलर यांनी बेडकाच्या पायाची नस धडधडत्या हृदयावर ठेवली, तेव्हा प्रत्येक ठोक्याला तो पाय आखडला. पण त्यासाठी छाती उघडावी लागत होती. लंडनच्या पॅडिंग्टन भागातल्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७मध्ये दाखवून दिलं, की ही वीज जिवंत माणसाच्या कातडीवरूनही मोजता येते.

त्यांचं उपकरण म्हणजे काचेची केसासारखी बारीक नळी. तिच्यात पारा आणि त्याला लागून सौम्य गंधकाम्ल. विजेचा दाब बदलला की पाऱ्याची कड किंचित हले. त्या कडेची सावली फोटोच्या काचेवर पाडायची आणि ती काच सरकती ठेवायची. काच सरकवण्यासाठी वॉलर यांनी खेळण्यातली आगगाडी वापरली. जिमी नावाचा त्यांचा बुलडॉग पाय मिठाच्या पाण्यात बुडवून शांतपणे उभा राही आणि त्याच्या हृदयाची नोंद निघे. १९०९मध्ये रॉयल सोसायटीतल्या प्रात्यक्षिकानंतर ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला, की यात प्राण्याचा छळ तर होत नाही ना.

वॉलर यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. माणसाच्या शरीराचं चित्र काढून त्यावर त्यांनी समान विद्युतदाबाच्या रेषा आखल्या. हृदय म्हणजे एक धन आणि एक ऋण टोक असलेला विजेचा स्रोत, आणि त्याचा प्रभाव शरीरभर पसरलेला, असं ते चित्र होतं. हृदयाला हात न लावता हृदयाच्या विजेचा काढलेला तो पहिला नकाशा.

लायडनचे विलेम आइंटहोव्हेन यांनी ही नोंद दवाखान्यात आणली. त्यांच्या गॅल्व्हनोमीटरमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा बलाढ्य चुंबकाच्या मधोमध ताणलेला असे. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. ईसीजीच्या कागदावर आजही दिसणारी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आइंटहोव्हेन यांचीच. १९२४मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ठोका नियमित आहे का, स्नायूला इजा झाली आहे का, हे ईसीजी सांगू लागला. पण भिंतीवरच्या नेमक्या कोणत्या जागी गडबड आहे, हे काही त्या रेघांवरून सांगता येत नव्हतं.

शेकडो बिंदू

जागा शोधायची तर थेट हृदयावर इलेक्ट्रोड ठेवणं हाच मार्ग दिसत होता. लंडनमध्ये थॉमस लुइस यांनी कुत्र्याच्या उघड्या हृदयावर एकेक बिंदू मोजत संदेशाचा प्रवास नोंदवला. या परंपरेचा कळस १९७०मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये झाला. मेंदूच्या विकारांनी मृत्यू पावलेल्या, पण हृदय निरोगी असलेल्या सात व्यक्तींची हृदयं डर्क डरर यांच्या गटाने शरीराबाहेर जिवंत ठेवली. त्यांच्या स्नायूंत खोलवर इलेक्ट्रोड रोवून ८७०पर्यंत बिंदूंवर नोंदी घेतल्या. डाव्या खालच्या कप्प्यात संदेश एकाच वेळी तीन ठिकाणी उगवतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात सगळा स्नायू व्यापतो, हे त्यातून कळलं. निरोगी मानवी हृदयाचं ते चित्र आजही पाठ्यपुस्तकांचा आधार आहे.

अशा नकाशाने माणूस बरा करता येतो हेही तोवर सिद्ध झालं होतं. मे १९६८मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मच्छीमाराची छाती उघडली. त्याच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा जन्मजात जादा विद्युतमार्ग होता. हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड फिरवून त्या मार्गाची जागा ठरवली आणि सर्जनांनी तो तेवढाच कापला. अचूक नकाशा हाताशी असेल तर बेभान धावणारं हृदय कायमचं ताळ्यावर येऊ शकतं, याची ती साक्ष होती.

दरम्यान इटलीत ब्रूनो टाकार्डी वॉलर यांच्या रेषांकडे नव्याने बघत होते. त्यांनी माणसाच्या छातीवर आणि पाठीवर शेकडो बिंदू मोजले आणि १९६३मध्ये दाखवलं, की कातडीवरचं चित्र एका धन-ऋण जोडीत बसत नाही. ठोक्याच्या काही क्षणी तिथे एकाहून अधिक उंचवटे आणि खळगे दिसतात. याचा अर्थ दूरवरून घेतलेल्या नोंदीतही जागेची माहिती शिल्लक असते. ती पुसट झालेली असते, पण नाहीशी झालेली नसते. पुढच्या सगळ्या कामाचा पाया याच निरीक्षणात आहे.

रक्तातून भिंतीकडे

१९८७मध्ये पार्मा विद्यापीठातून टाकार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. एकाच ठोक्यात विकृत ठोक्याचं उगमस्थान ओळखणं हे उद्दिष्ट त्याच्या शीर्षकातच होतं. त्यांनी ऑलिव्हच्या फळाच्या आकाराची सळई बनवली होती आणि तिच्या पृष्ठभागावर सगळीकडे इलेक्ट्रोड जडवले होते. ती कुत्र्याच्या डाव्या खालच्या कप्प्यात, भिंतीला न टेकता, रक्तात ठेवली. मग बाहेरून हृदयाला वेगवेगळ्या जागी कृत्रिम ठोके दिले. संदेश जिथे उगवला, त्या जागेसमोरच्या इलेक्ट्रोडवर ठोक्याच्या सुरुवातीलाच ऋण दाबाचा खळगा उमटला. उगमस्थान बदललं की खळगाही सळईवर सरके. एकाच ठोक्यात, भिंतीला न शिवता, दिशा कळली होती.

दिशेवरून जागा काढायला मात्र गणित लागणार होतं, आणि त्या गणिताची जुनी बदनामी होती. १८५३मध्ये हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं होतं, की वीज वाहून नेणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागावर कितीही मोजमापं घेतली तरी आतले स्रोत निश्चित सांगता येत नाहीत. स्रोतांच्या अगणित वेगवेगळ्या मांडण्या बाहेर तंतोतंत एकच चित्र उमटवू शकतात. या सिद्धांताने हृदयाच्या अभ्यासकांना दीर्घकाळ अडवून धरलं.

सुटका झाली ती प्रश्न बदलल्यामुळे. ड्यूक विद्यापीठात रॉजर बार आणि मॅडिसन स्पाक यांनी १९७०च्या दशकात स्नायूच्या आतल्या स्रोतांचा नाद सोडला आणि हृदयाच्या पृष्ठभागावरचा विद्युतदाब तेवढा शोधायचं ठरवलं. हाच विचार कप्प्याच्या आतही लागू पडत होता. सळई आणि भिंत यांच्या मधे फक्त रक्त असतं. रक्त वीज वाहून नेतं, निर्माण करत नाही. मधल्या जागेत स्रोत नसेल तर सळईवरच्या दाबांना जुळणारं भिंतीवरचं चित्र एकच असतं. हेल्महोल्ट्झ यांचा अडसर इथे आड येत नाही.

पण दुसरी अडचण उरते. वाड्याच्या चौकात उभं राहून चारी बाजूंच्या खोल्यांतलं बोलणं ऐकू येतं, आवाज कुठल्या खोलीतून येतोय हेही कळतं, पण शब्द एकमेकांत मिसळून जातात. रक्तातून येताना भिंतीवरच्या दाबाचे बारकावे असेच विरघळतात. गणिताने ते परत उभे करायचे म्हणजे क्षीण झालेलं सगळं वाढवायचं, आणि त्याबरोबर मोजमापातली बारीकशी चूकही कैक पटींनी वाढते. उपकरणाची किंचित थरथर किंवा अंतरातला एखाद्या मिलिमीटरचा फरक यांमुळे पडद्यावर नसलेली वादळं दिसू शकतात. सोव्हिएत गणिती आंद्रे तिखोनोव्ह यांनी अशा प्रश्नांसाठी उपाय सांगितला होता: उत्तर मोजमापांशी जुळावं, पण निसर्गात शक्य नाही इतकं खडबडीत होऊ नये, असं बंधन आधीच घालायचं. थोडा तपशील सोडायचा आणि त्या बदल्यात भरवसा मिळवायचा.

क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात योराम रूडी आणि त्यांचे विद्यार्थी दिरार खौरी यांनी हे गणित हृदयाच्या कप्प्यासाठी बांधलं. टाकार्डी तोवर अमेरिकेत युटा विद्यापीठात आले होते. दोन्ही गटांनी मिळून केलेलं काम १९९५मध्ये प्रसिद्ध झालं. कुत्र्याच्या हृदयात मधोमध सळई, आणि त्याच वेळी भिंतीत रोवलेल्या सुया. सळईवरून गणिताने काढलेला नकाशा एकीकडे, सुयांनी प्रत्यक्ष मोजलेला दुसरीकडे. दोन्ही जुळले. या पडताळणीला मी फार मोठं काम मानतो. न शिवता मिळालेल्या माहितीवर विश्वास ठेवण्याचा अधिकार तिथे शिवून सिद्ध केला गेला.

फुगा आणि चौसष्ट तारा

कठीण सळई माणसाच्या हृदयात रक्तवाहिनीतून नेता येत नाही. हा प्रश्न मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातल्या एंडोकार्डियल सोल्युशन्स या कंपनीने सोडवला. त्यांच्या एनसाइट यंत्रणेचा कॅथेटर सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा होता. त्याच्या टोकाशी ७.५ मिलिलिटरचा लांबट फुगा आणि फुग्यावर चौसष्ट बारीक तारांची विणलेली जाळी. प्रत्येक तारेवर आवरण, आणि त्या आवरणात एकाच ठिकाणी बारीकशी फट. ती फट म्हणजेच इलेक्ट्रोड. मिटलेल्या स्थितीत कॅथेटर रक्तवाहिनीतून कप्प्यात न्यायचा आणि तिथे पोहोचल्यावर जाळी फुलवायची. जाळीभोवती रक्त वाहत राही, म्हणून गुठळी होऊ नये यासाठी रुग्णाला आधी हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलेलं असे.

आता कप्प्याचा आकार हवा, कारण भिंत किती दूर आहे हे कळल्याशिवाय गणित चालत नाही. त्यासाठी दुसरा साधा कॅथेटर आत नेत. त्याच्या टोकातून ५.६८ किलोहर्ट्झचा सूक्ष्म संकेत सोडला जाई आणि जाळीवरचे इलेक्ट्रोड तो ऐकून टोक कुठे आहे ते ठरवत. डॉक्टर ते टोक भिंतीवरून फिरवत आणि संगणकाच्या पडद्यावर कप्पा आकार घेई. मग एका ठोक्यातून भिंतीवरच्या ३,३६० जागांचे विद्युतआलेख गणिताने तयार होत. पडद्यावर जांभळ्या भिंतीवरून एक पांढरा पट्टा सरकताना दिसे. तो पट्टा म्हणजे स्नायूतून पुढे जाणारा संदेश.

माणसाच्या डाव्या खालच्या कप्प्यातल्या या यंत्रणेच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या चाचण्या लंडनमध्ये झाल्या. १९९८मध्ये रिचर्ड शिलिंग, निकोलस पीटर्स आणि विन डेव्हिस यांनी गणिती आलेख आणि त्याच जागी टेकवलेल्या कॅथेटरचे खरे आलेख शेजारी ठेवून तपासले. त्यांचं रुग्णालय होतं पॅडिंग्टनचं सेंट मेरीज. वॉलर यांनी पाऱ्याची कड हलताना पाहिली, त्याला तेव्हा एकशे अकरा वर्षं झाली होती.

पुढच्या वर्षी याच गटाने २४ रुग्णांमधल्या ८१ टॅकिकार्डियांचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांतल्या ८०मध्ये संदेश व्रणातून बाहेर कुठे पडतो ती जागा सापडली. फिरणारं चक्र पूर्ण दिसलं ते १७मध्ये. आता टॅकिकार्डिया काही क्षणच चालू ठेवावी लागे. तेवढ्यात नकाशा साठवायचा, विजेचा झटका देऊन ठोका पूर्ववत करायचा आणि मग शांतपणे त्या जागी कॅथेटर नेऊन भाग जाळायचा. ज्या रुग्णांना आधीची पद्धत सोसत नव्हती, त्यांना दार उघडलं.

अंतराची किंमत

लंडनच्या १९९८च्या अहवालातच या यंत्रणेची मर्यादा स्पष्ट नोंदवली होती. जाळीपासून भिंत ३४ मिलिमीटरहून लांब असली की गणिती आलेखांची अचूकता ढासळते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदय फुगलेलं असतं, कप्पे मोठे झालेले असतात, आणि अशा रुग्णांचीच संख्या मोठी. त्यात व्रणावरचे संकेत मुळातच क्षीण. वरच्या कप्प्यात फुग्याने जागा अडायची, इतर कॅथेटर फिरवणं अवघड व्हायचं. त्याच सुमारास इस्रायलमध्ये श्लोमो बेन-हैम यांच्या गटाने चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने कॅथेटरचं स्थान अचूक सांगणारी कार्टो यंत्रणा आणली. पुढे एकाच कॅथेटरवर अनेक इलेक्ट्रोड बसवून मिनिटांत हजारो बिंदू टिपता येऊ लागले आणि बहुतेक प्रयोगशाळा पुन्हा स्पर्शाकडे वळल्या.

कॅलिफोर्नियातल्या अक्यूटस मेडिकल कंपनीने स्पर्शाविना नकाशाचा नवा प्रयत्न केला. गोलाकार पिंजऱ्यावर ४८ इलेक्ट्रोड आणि ४८ अल्ट्रासाउंड संवेदक. ध्वनिलहरी भिंतीपर्यंतचं अंतर मोजत, म्हणजे ज्या मोजमापावर सगळं अवलंबून होतं तेच थेट हाती येई. एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांच्या, रुग्णांत या पिंजऱ्याचा वापर झाला. पण २०२३मध्ये कंपनीने हा व्यवसाय बंद केला.

रूडी यांनी मात्र उलट्या दिशेने पाऊल टाकलं होतं. आत न जाता बाहेरूनच, छातीवरून, तेच गणित करायचं. २००४मध्ये चारुलता रामनाथन आणि रूडी यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये माणसांवरचं काम प्रसिद्ध केलं. धडावर २००हून अधिक इलेक्ट्रोड, सोबत सीटी स्कॅन. स्कॅन हृदयाचा आकार आणि कातडीपासूनचं अंतर सांगतो, इलेक्ट्रोड दाब सांगतात, आणि दोन्हींवरून हृदयाच्या पृष्ठभागाचा नकाशा उभा राहतो.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी या नकाशाचा जो उपयोग केला, तो डिसेंबर २०१७मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो वाचून मी थक्क झालो. पाच रुग्ण होते. औषधं थकली होती, कॅथेटरने जाळूनही टॅकिकार्डिया परतत होती किंवा ते करणंच शक्य नव्हतं. उपचारांआधीच्या तीन महिन्यांत या पाच जणांना मिळून ६,५७७ वेळा टॅकिकार्डिया झाली होती. बाहेरून काढलेल्या नकाशावरून जागा ठरवली आणि कर्करोगासाठी वापरतात त्या किरणोत्साराचा २५ ग्रेचा एकच डोस तिथे दिला. सूज ओसरण्याचे पहिले सहा आठवडे सोडले, तर त्यानंतर सगळ्यांचे मिळून ४६ महिन्यांत टॅकिकार्डियाचे प्रसंग चारच. एका वयोवृद्ध रुग्णाचा तीन आठवड्यांनी पक्षाघाताने मृत्यू झाला. गट लहान होता आणि मोठ्या चाचण्यांची गरज स्पष्ट होती. तरी हृदयाला ना शोधणाऱ्याचा स्पर्श झाला, ना बरं करणाऱ्याचा.

या सगळ्या वाटचालीत स्पर्श सोडणाऱ्या प्रत्येकाला त्याऐवजी काहीतरी अचूक मोजावं लागलं. पार्मात ती सळईची जागा होती, सेंट पॉलमध्ये कप्प्याचा आकार, कॅलिफोर्नियात ध्वनिलहरींनी मोजलेलं अंतर, सेंट लुईसमध्ये सीटी स्कॅन. अंतर चुकलं की गणित निष्ठुरपणे चुकतं. म्हणून डॉक्टरांपुढच्या पडद्यावरचा रंगीत नकाशा कितीही देखणा असला, तरी तो किती मिलिमीटरपर्यंत खरा आहे हा प्रश्न विचारणं आणि उत्तर सुयांनी, कॅथेटरने, प्रत्यक्ष ताडून पाहणं हेच या विद्येचं खरं बळ आहे. युटा आणि क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळांनी आणि सेंट मेरीजच्या डॉक्टरांनी ते काम प्रामाणिकपणे केलं. त्यांनी आपल्या पद्धतीची मर्यादाही आकड्यात सांगितली, आणि ज्याला ती मर्यादा ठाऊक आहे, त्यालाच त्या नकाशावर भरवसा ठेवून एखाद्याच्या हृदयावर उपचार करता येतो.